फाइल कशातली आहे?

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. मंडईच्या रात्री नाटक, दंडार नाहीतर लावणी, आणि त्याच्या आठ दिवस आधीपासून चौकाचौकात फ्लेक्स. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम रंगतो, शंकरपट येतात, मग लग्नसराई. मधल्या काळात पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतींच्या नोटिसा, राईस मिलच्या पोत्यांवरचे छापे चालूच असतात. हे सगळं डीटीपीच्या दुकानांतून जातं. अशा दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाईक आलं की ऑपरेटरचा पहिला प्रश्न रंगाचा, मापाचा किंवा किमतीचा नसतो. ‘फाइल कशातली आहे?’ असं तो विचारतो. श्रीलिपीतली, कृतिदेवमधली, आयएसएममधली की युनिकोडमधली?

डिझाइनच्या इंग्रजी पुस्तकांत फॉन्टसंग्रह लावण्याचे सल्ले भरपूर मिळतात. सेरिफ एका फोल्डरात, सॅन्स दुसऱ्यात, हस्ताक्षरी वळणाचे तिसऱ्यात; वर्तमानपत्री वेगळे, शोभेचे वेगळे. सल्ला चांगला आहे, पण मराठी दुकानात तो पहिल्याच पायरीवर अडतो. इंग्रजी फाइलमधला फॉन्ट हरवला तर दुसरा येतो, अक्षरांचं रूप बदलतं, मजकूर मात्र वाचता येतो. जुन्या मराठी फाइलमधला फॉन्ट हरवला तर मजकूरच जातो. पडद्यावर उरतात ती रोमन अक्षरं, अर्धविराम आणि कंस. त्यामुळे इथे फॉन्टची पहिली ओळख तो कसा दिसतो ही नसून त्याच्या आत कोणतं अक्षर कोणत्या जागेवर बसवलं आहे ही असते.

कृतिदेव ०१० मध्ये ‘गोंदिया’ लिहायचं तर संगणकाच्या स्मृतीत जे जातं ते असं: एक्स, के, एस, ए, एफ, एन, अर्धविराम, के. एक्सच्या जागी ग चं चित्र बसवलेलं आहे, केच्या जागी काना, एसच्या जागी मात्रा, एच्या जागी अनुस्वार. एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी, आणि ती डोळ्याला जशी आधी दिसते तशी द च्या आधीच टंकली जाते. अर्धविरामावर य बसलेला. संगणकाच्या लेखी हा मजकूर देवनागरी नाहीच. फॉन्ट आहे तोवर ते गोंदिया आहे. फॉन्ट काढला की आठ निरर्थक चिन्हं.

हे असं झालं त्याला कारण आहे, आणि ते कुणाच्या आळशीपणाचं नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ जागा असत. त्यातल्या काही संगणकाच्या कामासाठी राखीव. उरलेल्यांत देवनागरीचे स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरांचे तुकडे, काना-मात्रा-वेलांट्या बसवायच्या. कोणता तुकडा कुठे, हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवलं. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकने ‘जिस्ट’ तंत्र पुढे नेलं. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे संकेतन आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण ठरवलं. पण इस्की अक्षरं साठवायचं; पेजमेकर आणि कोरेलड्रॉ यांना हवा होता साधा फॉन्ट. तेव्हा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सीडॅकच्या आयएसएमबरोबर येणारे डीव्हीबी-टीटी योगेश आणि सुरेख, आणि हातोहात पसरलेला कृतिदेव अशी वेगवेगळी घराणी तयार झाली. एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नाही.

गोंदियात ही घराणी जितकी एकमेकांवर येऊन आदळतात तितकी पुण्या-मुंबईत क्वचितच. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला टेकलेला आहे. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला राजनांदगावकडचा मुलूख. शहराचा बाजार मराठीइतकाच हिंदीत चालतो. हिंदी टंकलेखनाच्या परीक्षांनी आणि कचेऱ्यांनी सीमेपलीकडे कृतिदेव ०१० घट्ट रुजवला. म्हणून बालाघाटहून आलेली लग्नपत्रिका बहुतेकदा त्यात असते. मराठी कामाला कृतिदेवच वापरणारे ०५५ क्रमांकाचा फॉन्ट घेतात. नाटकाच्या पोस्टरचा जुना साचा श्रीलिपीत, सरकारी कचेरीची पूर्वीची फाइल सुरेखमध्ये, आणि आता व्हॉट्सॲपवरून येणारा सगळा मजकूर युनिकोडमध्ये. एका आठवड्यात हे सगळे एकाच हार्डडिस्कवर उतरतात.

तेव्हा अशा दुकानाच्या फॉन्ट-फोल्डरची वरची पायरी संकेतनाची असावी लागते. युनिकोड एक, श्रीलिपी एक, कृतिदेव आणि त्याच्या धर्तीचे एक, आयएसएमचे एक, आकृती एक, निव्वळ रोमन एक. जाड-बारीक, गोल-टोकदार, बातमीचे-मथळ्याचे ही विभागणी त्याच्या आत. उलट लावलं, म्हणजे ‘मथळ्याचे फॉन्ट’ या एकाच फोल्डरात सगळी घराणी कोंबली, की घाईच्या वेळी ऑपरेटर सुंदर दिसणारा फॉन्ट निवडतो आणि ओळीच्या जागी कचरा उमटतो.

पण पाहुणी फाइल कशातली आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल तर? एक युक्ती इथे फार उपयोगी पडते. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि त्यात काना शोधायचा. मराठीत काना इतका वारंवार येतो की जे चिन्ह सर्वांत जास्त दिसेल ते बहुधा त्याचंच. ओळींत स्मॉल केची रेलचेल असेल तर कृतिदेव. स्मॉल एम जिकडेतिकडे, मध्येमध्ये अंडरस्कोर आणि ‘पेक्षा मोठा’ हे गणिताचं चिन्ह, तर श्रीलिपी. तिथे अंडरस्कोरच्या जागी म बसतो आणि ट-ठ च्या शेपटीला ते गणिताचं चिन्ह लागतं. डोक्यावर आघातचिन्ह असलेल्या मोठ्या ईंचा पाऊस असेल तर डीव्हीबी-टीटी. आणि थेट देवनागरीच दिसली तर युनिकोड. पाच सेकंदांची ही परीक्षा पन्नास फॉन्ट एकामागून एक लावून बघण्याचा त्रास वाचवते.

फॉन्ट लावून बघण्यातही एक खाच आहे. फॉन्टच्या फाइलचं नाव आणि कोरेलच्या यादीत दिसणारं नाव या दोन निराळ्या गोष्टी असतात. यादीतलं नाव फाइलच्या आतल्या तक्त्यात लिहिलेलं असतं. बाहेरचं नाव कुणीही बदलू शकतो, आत काहीच बदलत नाही. कृतिदेवच्या फाइलींची नावं ‘के’ आणि आकडा एवढीच असतात. श्रीलिपीने तर फॉन्टना आकडेच दिले: ०७०८, ०७१४ वगैरे. ॲपलच्या मॅकवर आजही ‘श्री देवनागरी ७१४’ हा फॉन्ट आयता मिळतो, तो याच वंशातला. आकड्यांवरून चेहरा आठवणं जुन्या ऑपरेटरांना जमतं. नव्या मुलाला मात्र नमुन्याचं पान लागतं, आणि ते छापून भिंतीवर लावलेलं बरं.

नमुन्याच्या पानावर काय छापावं? इंग्रजीत सव्वीसच्या सव्वीस अक्षरं असलेलं एक प्रसिद्ध वाक्य यासाठी वापरतात. मराठीसाठी तितकं सोपं वाक्य पुरत नाही, कारण इथे अक्षरांपेक्षा जोडण्या तपासायच्या असतात. ‘शेतकऱ्यांच्या’ या एका शब्दात अर्धं काम होतं. त्यातला कोयरीसारखा ऱ हिंदीसाठी केलेल्या पुष्कळ फॉन्टांत नसतो, आणि तो नसला की दऱ्याचा दर्या व्हायला वेळ लागत नाही. मग ‘ॲग्रो’. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात ज्याच्या पाटीवर ॲग्रो नाही असं कृषी केंद्र शोधावं लागेल. हे ॲ अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते टंकलं की रिकामा चौकोन येतो. त्यानंतर ळ, झ, क्ष, ज्ञ, राष्ट्र, शुद्ध, पद्मा, रुपया आणि ० ते ९ हे आकडे. एवढं पान ज्याने पार केलं तो फॉन्ट मराठी कामाला लायक.

ल आणि श यांची गोष्ट थोडी निराळी. मराठी ल ला दोन पाकळ्या आणि देठ असतं, हिंदी ल उभ्या दांड्याला टेकतो. श चीही तीच तऱ्हा. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाची रूपं प्रमाण म्हणून सांगितली. चांगल्या युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं एकाच फाइलीत असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की सॉफ्टवेअर मराठी रूप उचलतं. भाषा निवडायची राहिली तर पोस्टरवर हिंदी ल येतो, आणि फॉन्टला उगाच दोष मिळतो. गूगल फॉन्ट्सवरच्या ‘टिरो देवनागरी’ने हा गुंता सरळ तीन फॉन्ट करून सोडवला: मराठी, हिंदी आणि संस्कृत यांचे वेगवेगळे. गोंदियासारख्या दुभाषी बाजाराला ही सोय फार मानवते. हिंदी पत्रिकेला हिंदीचा, मराठीला मराठीचा. भाषेचा पर्याय विसरला तरी बिघडत नाही.

संग्रह वाढतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. खिळ्यांच्या छापखान्यात छपाई संपली की जुळाऱ्याला खिळे धुऊन पुन्हा केसमधल्या आपापल्या घरात टाकावे लागत. इंग्रजीला दोन केसा पुरायच्या, देवनागरीच्या जोडाक्षरांना त्याहून किती तरी जास्त जागा लागायची, आणि एक खिळा चुकीच्या घरात पडला तर पुढच्या फर्म्यात चूक हमखास. शिस्त धातूनेच लावलेली होती. संगणकावर फॉन्ट वापरून परत ठेवायचा नसतो, म्हणून तो कुणी ठेवत नाही. येणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हबरोबर दहा-वीस फॉन्ट ‘टाकले’ जातात आणि तिथेच राहतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये साधारण हजार फॉन्टांनंतर यंत्रणाच नकार द्यायची. आजची विंडोज नकार देत नाही; कोरेल उघडायला वेळ लागतो, यादी सरकवता सरकवता संपत नाही, आणि दोष रॅमला दिला जातो.

यावर उपाय म्हणजे सगळे फॉन्ट विंडोजमध्ये न टाकता वेगळ्या फोल्डरात ठेवणं आणि कामापुरते चालू करणं. नेक्ससफॉन्ट आणि फॉन्टबेस फुकट मिळतात. कोरेलड्रॉबरोबर पूर्वी फॉन्ट नॅव्हिगेटर यायचा, २०१६ च्या एक्स८ पासून कोरेल फॉन्ट मॅनेजर येतो. मॅकवर फॉन्ट बुक आहेच. मोठ्या जाहिरात कंपन्या विकतची सॉफ्टवेअर वापरतात. तालुक्याच्या दुकानाला त्याची गरज नाही. नाटकाचं पोस्टर उघडलं की श्रीलिपीचा गट चालू, काम संपलं की बंद. कायम चालू ठेवण्याजोगे फॉन्ट बहुतेक दुकानांत पंचवीस-तीसच्या वर निघत नाहीत, हे मोजून पाहणाऱ्याला पटतं.

नकला हा दुसरा आजार. कृतिदेव ०१० नावाच्या फाइली हातोहात फिरताना कुणी त्यात एखादं चिन्ह बदललं, कुणी नाव बदललं. त्यामुळे एकाच नावाचे दोन फॉन्ट एका ठिकाणी ‘ऋ’ दाखवतात आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. नव्या फॉन्टांतही हे आहे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्ता’ आधी ‘एक मुक्ता’ या नावाने आला होता, ‘बलू’नंतर ‘बलू २’ आला. जुनी फाइल जुनंच नाव मागते. म्हणून जुना फॉन्ट पुसून टाकू नये. ‘जुने’ असा फोल्डर करून त्यात ठेवावा आणि नव्या कामाला हात लावू देऊ नये. आणखी एक जागा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विंडोज १० च्या २०१८ च्या सुधारणेनंतर साधं ‘इन्स्टॉल’ दाबलं की फॉन्ट त्या वापरणाऱ्याच्या खात्यातल्या लपलेल्या फोल्डरात जातो. विंडोजचा मुख्य फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून बॅकअप घेतल्याचं समाधान मानणाऱ्याला नवा संगणक घेतल्यावर निम्मे फॉन्ट सापडत नाहीत. ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडणं बरं.

फॉन्ट सापडला नाही की कोरेल ‘पॅनोज’ नावाची खिडकी दाखवतं आणि जवळचा फॉन्ट सुचवतं. पॅनोज ही मुळात रोमन अक्षरांच्या ठेवणीवरून साम्य मोजणारी पद्धत. तिने सुचवलेला फॉन्ट मराठी मजकुराला उपयोगी पडण्याची शक्यता फारच कमी. तिथे विचार न करता ‘ओके’ दाबून फाइल सेव्ह केली तर मूळ फॉन्टचं नाव फाइलमधून जाऊ शकतं. खिडकीत हरवलेल्या फॉन्टचं जे नाव दिसतं तेच आधी लिहून घ्यायचं असतं.

मुद्रकाकडे फाइल पाठवताना सगळेच ‘कर्व्ह’ करतात. कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षराचं चित्र होतं आणि फॉन्टची गरज संपते. नागपूरच्या फ्लेक्स मशीनवर मग काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या वर्षी. नाटक तेच, गाव नवं, तारीख नवी. आणि हाताशी फक्त कर्व्ह केलेली फाइल. तारीख पुसून नवी टंकायची म्हटलं तर कोणता फॉन्ट होता हे सांगायला काहीच उरलेलं नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरात तीन गोष्टी हव्यात: मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल, कर्व्ह केलेली किंवा पीडीएफ, आणि त्या कामात वापरलेल्या फॉन्टांची प्रत. इनडिझाइनमधला ‘पॅकेज’ हा पर्याय ही प्रत आपोआप करतो. कोरेलमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ आहे. तो सापडलेला ऑपरेटर मात्र क्वचित भेटतो.

हे झालं जुन्याचं व्यवस्थापन. पण जुनं तसंच ठेवून किती वर्षं चालणार? पेजमेकर ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. श्रीलिपीच्या अनेक जुन्या प्रती संगणकाच्या मागे लावायच्या लॉकवर चालायच्या. ते लॉक बिघडलं की टंकणं बंद. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून ‘टाइप १’ प्रकारच्या फॉन्टांचा आधार काढून घेतला, तेव्हा नव्वदीत घेतलेले पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट एका दिवसात मुके झाले. जो मजकूर पुन्हा लागणार आहे, म्हणजे पतसंस्थेचे उपविधी, नियमावली, स्मरणिकांतले लेख, तो युनिकोडमध्ये नेलेला बरा. सीडॅकचं ‘परिवर्तन’ आणि इतर बरेच परिवर्तक हे काम करतात. पण परिवर्तकाला आधी सांगावं लागतं की मजकूर कशातला आहे. मग तो एफ उचलून द च्या मागे नेतो, रफार शेवटून पुढे आणतो, अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण करतो. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जिथे जोडाक्षरावर येते तिथे तो अजूनही चुकतो, त्यामुळे ‘आर्थिक’ आणि ‘वार्षिक’ हे दोन शब्द अहवालात शोधून तपासावेत.

युनिकोडकडे जायला डीटीपीवाल्यांनी उशीर केला, यात त्यांचा दोष थोडा आणि फॉन्टांचा जास्त. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईचे अध्यापक. त्यांच्या योग्यतेविषयी प्रश्नच नाही. पण मंगल पडद्यावर वाचण्यासाठी केलेला होता आणि लग्नपत्रिकेत तो रुक्ष दिसायचा. छपाईचा माणूस मंगल बघून युनिकोडला नाक मुरडायचा. गेल्या दशकात चित्र पालटलं आहे. मुक्ताच्या सात जाडी आहेत. गोलमटोल मोदक आणि बलू आहेत. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला ‘यात्रा वन’ आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ उपलब्ध करून दिले. झाडीपट्टीच्या पोस्टरला लागतो तो आडवातिडवा, रक्त ठिबकणारा, सावली पडलेला मथळा अजून यांत फारसा नाही. तिथे श्रीलिपीचं राज्य काही वर्षं राहील, आणि राहू द्यायला हरकत नाही. मथळा कर्व्हच करायचा असतो.

गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट बहुतेक ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत, म्हणजे ते छपाईत वापरता येतात आणि दुसऱ्याला प्रतही देता येते. विकतच्या फॉन्टचा परवाना ठरावीक संगणकांपुरता असतो. दोन्ही एकाच फोल्डरात मिसळले की कुठली प्रत मुद्रकाला देता येते आणि कुठली नाही हे कळेनासं होतं. परवान्याची छोटी मजकूर-फाइल फॉन्टबरोबरच ठेवली, तर हा घोळ होत नाही. कंपन्यांची कामं करणाऱ्या दुकानांना तर ती दाखवावीही लागते.

आता जिल्ह्याच्या एका खास गरजेकडे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून लोक येतात. यात्रेच्या फलकावर मराठी-हिंदीबरोबर एक ओळ गोंडी लिपीत हवी असेल, तर ऑपरेटरला आधी विचारावं लागतं: कोणती गोंडी? शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली जी घडवली ती मसराम गोंडी. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडली ती गुंजाळा गोंडी. दोन्ही वेगवेगळ्या लिप्या आहेत. मसराम गोंडी युनिकोडच्या १०.० आवृत्तीत २०१७ साली आली, गुंजाळा गोंडी ११.० मध्ये २०१८ साली. या दोन्हींना जागा मिळाली ती युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे, त्यामुळे जुन्या कोरेलमध्ये फॉन्ट टाकूनही चौकोनच दिसतात. गूगलच्या नोटो मालिकेत दोन्ही लिप्यांचे फॉन्ट आहेत. मजकूर नव्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचा, ती लिपी वाचणाऱ्या माणसाकडून मुद्रित तपासून घ्यायचं, मग पीडीएफ करून जुन्या यंत्रावर फ्लेक्सला द्यायचं. नोटो ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे त्याची प्रत यात्रेच्या कामाच्या फोल्डरात ठेवता येते, समितीच्या पेनड्राइव्हवरही देता येते.